मॅनेजरसाहेबांशी दोन शब्द

मेजर लीग बेसबॉलमध्ये मार्चमधले सराव सामने हिशेबात धरत नाहीत. जिंकलात तरी शून्य, हरलात तरी शून्य. पिचर खांदे तापवतात, बॅटर अंग मोकळं करतात आणि शिबिराला जमलेल्या गर्दीतून 26 जणांचा संघ निवडला जातो. खरा हंगाम 162 सामन्यांचा आणि तो सुरू होतो मार्च सरता सरता. तेव्हा शहाण्या माणसाने त्याआधी रक्त आटवायचं काही कारण नाही. पण शहाणा माणूस मुळात न्यूयॉर्क मेट्सच्या नादी लागतच नाही.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहायला आलो, तेव्हा ऑफिसात दोन पंथ होते, यांकीजवाले आणि मेट्सवाले. यांकीजच्या नावावर 27 विजेतेपदं. मेट्सची दोन, 1969 आणि 1986. शिवाय 1962 साली, पहिल्याच हंगामात, 120 सामने हरल्याचा पराक्रम. 2007 साली 17 सामने उरलेले असताना सात सामन्यांची आघाडी होती, तीही घालवली. 2023च्या मार्चमध्ये तर त्यांचा हुकमी पिचर एडविन डियाझ पोर्टो रिकोकडून खेळायला गेला आणि गुडघा मोडून आला. तोही खेळताना नाही, सामना जिंकल्यावर उड्या मारताना! हातातोंडाशी आलेला घास घालवायची ही परंपरा मला फारच ओळखीची वाटली. मी निळी टोपी विकत घेतली.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी सांगायला हवं, की बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे हिशेब आणि हॉटेलं बघणारा गृहस्थ नव्हे. पहिला कोण खेळणार, चौथा कोण, पिचरला कधी बाहेर काढायचं, हे सगळं तोच ठरवतो. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे निर्णय फसला की तो फसलेलाच राहतो. आणि वय कितीही असो, हे गृहस्थ खेळाडूंसारखाच पोशाख चढवून डगआउटच्या पायरीवर उभे असतात. म्हणजे शिव्या द्यायला सोयीचे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून भारत, मुंबई आणि आमच्या चाळीचा संघ असे तिन्ही संघ एकाच संध्याकाळी निवडणाऱ्या माणसाला परदेशात याहून आपलं वाटणारं काय सापडणार?

2024 साली मेट्सला नवे मॅनेजर मिळाले. मेजर लीगमध्ये मॅनेजर म्हणून त्यांची ही पहिलीच खेप. फेब्रुवारीतच कोडाई सेंगा हा मुख्य पिचर खांदा दुखावून बसला. त्याचा दोष मी मॅनेजरना दिला नाही, असं निदान बायकोला तरी सांगितलं. पण बाकीचं बघवेना. थर्ड बेसवर ब्रेट बॅटी? मग सराव सामन्यांत चेंडू कुंपणाबाहेर धाडणाऱ्या मार्क व्हिएंटोसने काय करायचं? आणि फ्रान्सिस्को लिंडोर पहिल्या क्रमांकावर का नाही? माझं मत होतं, की लिंडोर सदा हसतमुख असतो, सुरुवात अशाच माणसाच्या हातून व्हावी. लग्नात पाहुण्यांवर अत्तर शिंपडायला आपण दारात आंबट चेहऱ्याचा काका उभा करतो का?

हे घरात सांगून संपलं, महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात सांगून झालं. आता प्रत्यक्ष मॅनेजरच्याच कानावर घालणं बाकी होतं. योगायोगाने मुलाला डिस्ने वर्ल्ड बघायचं होतं. ते ऑरलँडोला. मेट्सचं सराव शिबिर 1988 पासून पोर्ट सेंट लुसीला भरतं, आणि तेही फ्लोरिडातच. “वाटेतच आहे,” मी म्हणालो. बायकोने नकाशा उघडला. ते वाटेत नव्हतं, गाडीने दोनेक तास पुढे होतं.

सकाळी मुख्य मैदानामागच्या सरावाच्या पट्ट्यांवर खेळाडू येतात आणि जाळीच्या कुंपणाबाहेर चाहते सह्यांसाठी उभे राहतात. बायको आणि मुलगा सावली शोधायला गेले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून, हातात क्लिपबोर्ड घेऊन कुंपणाशी उभा राहिलो. क्लिपबोर्डवर माझी बॅटिंग ऑर्डर होती, एक्सेलमध्ये केलेली, तीन रंगांत. घडीच्या खुर्चीवर एक क्वीन्सचे आजोबा बसले होते. टोपीचा रंग उडालेला, म्हणजे निष्ठा पक्की. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

“आकड्यांचं काम करतोस?”

“हो,” मी म्हणालो. विमा कंपनीत दुसरं काय करतात?

“वरच्या मजल्यावर?”

“चौथ्या,” मी म्हणालो. आमचं ऑफिस चौथ्यावरच आहे.

आजोबांचा चेहरा बदलला. चष्मा, क्लिपबोर्ड, भारतीय माणूस, आकडे आणि वरचा मजला! त्यांनी मला क्लबच्या आकडेवारी विभागात नेमूनही टाकलं. हल्ली प्रत्येक क्लबात असा विभाग असतो. कुणी कुठे उभं राहावं हे संगणक सांगतो आणि जुने चाहते बेसबॉलच्या ऱ्हासाचं खापर त्याच्यावर फोडतात. “इकडे या रे,” आजोबांनी हाक दिली, “वरून माणूस आलाय!”

पाहता पाहता माझ्याभोवती कोंडाळं झालं. पहिला प्रश्न आला, “व्हिएंटोसला थर्ड बेस का देत नाही?”

माझाच प्रश्न! खरं तर मी त्या माणसाला मिठी मारायची. पण इतके लोक एकदम माझ्या तोंडाकडे उत्तरासाठी बघताहेत, असा प्रसंग माझ्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता. मंडळाच्या बैठकीत तर नाहीच नाही. मी घसा साफ केला. “बॅटीचं क्षेत्ररक्षण अधिक भरवशाचं आहे,” मी म्हणालो, “शिवाय तो डावखुरा बॅटर. समतोल बघावा लागतो.”

“लिंडोर पहिला का नको?”

“त्याच्या आधी कुणी बेसवर पोचलेलं असलं, तर त्याचा फटका वाया जात नाही. भावनेवर संघ चालत नाही.” हसतमुखाचा मुद्दा कागदावर तिसऱ्या रंगात होता. त्यावर मी अंगठा ठेवला.

“सेंगाच्या खांद्याचं काय?”

“वैद्यकीय बाबींवर मला बोलता येणार नाही.”

हे वाक्य इतकं झकास उतरलं की दोघांनी मान डोलावली. एका बाईंनी माझ्यापुढे चेंडू धरला, त्यावर मी सही केली, तीही देवनागरीत. ज्या निर्णयांविरुद्ध तक्रार करायला इतक्या लांब आलो, त्यांची बाजू मी अशी काही मांडत होतो, की खुद्द मॅनेजरनाही ते पटले असते. ते तिकडे पंचवीसेक पावलांवर उभे होते. एकदा माझ्या दिशेला वळलेदेखील. पण मला वेळ नव्हता.

तेवढ्यात बायको आणि मुलगा आले. तिच्या डोक्यावर अजून मिकीचे कान होते. मुलाने थोडा वेळ ऐकलं आणि सर्वांना समजेल अशा स्वच्छ इंग्रजीत विचारलं, “बाबा, पण मॅनेजरला ओ की ठो कळत नाही, असं तूच सांगतोस ना?” बायकोने उरलेलं पूर्ण केलं, “हा मोटार अपघातांचे क्लेम बघतो.”

कोंडाळं विरलं. चेंडूवाल्या बाई माझी सही खोडायला रबर मागत फिरू लागल्या. आजोबा तेवढे बसून राहिले. म्हणाले, “खोटा असलास तरी उत्तरं दिलीस. खरे कधी देत नाहीत.”

पुढचं सगळं जगजाहीर आहे. मार्चअखेर जे. डी. मार्टिनेझ हा बॅटर आला आणि व्हिएंटोसची रवानगी खालच्या लीगमध्ये सिरॅक्यूजला झाली. मेट्स पहिले पाचही सामने हरले. मेच्या मध्यावर व्हिएंटोस परत आला आणि लिंडोर पहिल्या क्रमांकावर गेला. जूनच्या सुरुवातीला 24 विजय आणि 35 पराभव अशी दशा होती, तिथून संघ 89 विजयांपर्यंत चढला आणि नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत डॉजर्सकडून सहाव्या सामन्यात हरला. व्हिएंटोसने 27 होमरन मारले, लिंडोरने 33. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात शोहेई ओहतानीनंतर लिंडोरच दुसरा आला. घरात मी याचं श्रेय जाहीरपणे घेतलं. “मॅनेजरने तुझं ऐकलं कधी?” बायकोने विचारलं. ऐकलं नाही, म्हणून तर पहिले पाच गेले!

संघात कोण राहणार, कोण सिरॅक्यूजला जाणार, हे हल्ली मॅनेजर एकटा ठरवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मेट्समध्ये हे ठरवणाऱ्या खुर्चीवर डेव्हिड स्टर्न्स बसतात. ते मॅनहॅटनमध्ये वाढले आणि लहानपणापासून मेट्सचेच चाहते. म्हणजे आमच्यातलाच एक जण वर जाऊन बसला, तरी शंका आहेत त्या आहेतच. पण स्टर्न्स काही डगआउटच्या पायरीवर दिसत नाहीत, मॅनेजर दिसतात. चाहत्याने ओरडायचं ते दिसणाऱ्या माणसावरच, त्याला त्याचाच पगार मिळतो.

तरी वाचकांपैकी कुणाची मेट्सच्या डगआउटमध्ये ओळख असेल, तर कृपया कळवावं. पाचव्या पिचरबद्दल थोडं बोलायचं आहे.