तिकडे चार मिनिटं

हा माणूस तुमच्याही गल्लीत आहे, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. डिसेंबरात वांगी भरताला आली की हा उतरतो. चाकांच्या तीन बॅगा, गळ्यात प्रवासी उशी, आणि रिक्षातून पाय खाली टाकताच पहिलं वाक्य, "बाप रे, किती धूळ!" जसा काही जन्मापासून मंगळावर राहत होता. याच धुळीत गोट्या खेळताना याच्या चड्डीचा मूळ रंग कोणता, हे त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही.

आमचा नमुना मूळजी जेठा कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा. आता न्यू जर्सीत एडिसनला असतो. जळगावात त्याचं नाव विसरून लोकांना बरीच वर्षं झाली, सगळे त्याला 'तिकडे' म्हणतात. "तिकडे आला का रे?" "हो, परवाच आला." मे महिन्यात मात्र तो कधी येत नाही. आमच्या पंचेचाळीस अंशांच्या तोडीचं काही तिकडे नसावं.

आता तुलना कोण करत नाही? पुण्याला हिंजवडीत चार महिने काढलेलं पोरगंही दिवाळीत येऊन "पुण्यात असं नसतं" म्हणून आईच्या फोडणीत खोट काढतं. पण त्यांची तुलना मोघम असते. तिकडे घड्याळ लावतो. खिशातून मोबाइल काढायचा, स्टॉपवॉच चालू करायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. बँकेत पासबुक भरून घ्यायला चाळीस मिनिटं. फुले मार्केटात मोटरसायकल वळवायला सहा. नळाचा वॉशर बदलायला येणारा माणूस 'निघालोच' म्हणाल्यापासून दारात येईपर्यंत दोन दिवस, तीन तास. एकदा हॉटेलात शेवभाजी सांगितली आणि ताट आल्यावर मालकाला फोन दाखवला, "सतरा मिनिटं झाली." मालक म्हणाला, "मंग काय करू भो, रस्सा कच्चा देऊ?"

हे सगळं झाल्यावर पालुपद ठरलेलं. "तिकडे आगीचा बंब चार मिनिटांत दारात येतो. चार!" विषय पासबुकाचा असो, शेवभाजीचा असो की मुन्सिपाल्टीच्या गटारीचा, गाडी शेवटी बंबावर यायची. त्याला कुठे आग लागली होती, हे विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

तोंड बंद असतं ते फक्त एका ठिकाणी, दाताच्या डॉक्टरकडे. दर खेपेला तो इथेच दात करून घेतो. तिथे खुर्चीवर जबडा वासून पडलेला असतो, तोंडात कापूस आणि नळी, त्यामुळे 'तिकडे'तला 'ति'सुद्धा उमटत नाही. तिकडे एका रूट कॅनॉलला काय पडतं, हा आकडा त्याच्या तुलनेत आजवर आलेला नाही. बिल मात्र तो रुपयांत विचारतो, मनात डॉलर करतो आणि पायऱ्या उतरताना हलकी शीळ घालतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे धुळ्याला लग्नाला निघालो. नव्वद-एक किलोमीटरचा रस्ता, आणि त्याचं चौपदरीकरण आमच्या उमेदीची वर्षं खाऊन झालेलं. बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडेपर्यंत तिकडेने दोनदा घड्याळ लावलं. पुढे पाळधीच्या पेट्रोल पंपावर पोऱ्या नेहमीप्रमाणे म्हणाला, "झीरो बघा साहेब." झालं!

"याला कशाला माणूस लागतो?" तिकडे सुरू झाला. "तिकडे आपलं पेट्रोल आपण भरायचं. स्वावलंबन! दोन मिनिटांत गाडी बाहेर."

मागच्या सीटवरून वहिनींचा शांत आवाज आला, "न्यू जर्सीत स्वतः भरायला बंदी आहे."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण खरंच तसा कायदा आहे, 1949 पासूनचा. अख्ख्या अमेरिकेत आता हे एकच राज्य असं उरलंय, जिथे पंपावर आपल्या गाडीत आपण नळी घालायची नाही, माणूसच येऊन भरतो. म्हणजे एडिसनमध्ये राहून हा गडी इतकी वर्षं आमच्या पाळधीच्या माणसासारखाच काच खाली करून बसत होता. स्वावलंबन करायला त्याला पेनसिल्व्हेनियात जावं लागत असणार. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, फागणे आलं, पण घड्याळ खिशातून निघालं नाही.

धुळ्याला मांडवात मात्र त्याने उचल खाल्ली. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा, दीड वाजला तरी नवरदेव घोड्यावर आणि घोडा बँडसमोर. मावसभावाला धरून तिकडेने न्यूयॉर्क काढलं. तिथे रस्त्यांना कसे नंबर आहेत, नवखा माणूसही पाच मिनिटांत पत्ता कसा शोधतो वगैरे. मावसभाऊ पक्का धुळेकर. पान चघळत त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमना धुयामा बी गल्ल्यास्ले नंबर शेतस. कॅप्टन ब्रिग्ज करी गया. तुले चार नंबरनी गल्लीमाच उतारेल से ना?"

मावसभावाचा मुद्दा बिनतोड होता. मॅनहॅटनच्या नंबरवार रस्त्यांचा आराखडा 1811 चा. 1818 ला पेशवाई बुडाली, त्यानंतर लगेच खानदेशात आलेल्या ब्रिग्जने धुळ्यात ठाणं केलं आणि सरळ रेषेत नवी पेठ आखली. उशीर झाला तो फार तर आठ वर्षांचा. वऱ्हाडी मंडळींना तेवढा उशीर चालतो. धुळ्याला पाणी किती दिवसांनी येतं, हा प्रश्न तिकडेच्या ओठावर आला होता, पण मावसभाऊ जिलबी आणायला निघून गेला.

परतीच्या वाटेवर तिकडे पेंगला आणि वहिनींनी आम्हाला बंबाची गोष्ट सांगितली.

दोन वर्षांपूर्वीची थंडी. बाहेर बर्फ. याला भरीत हवं झालं. देशी दुकानातून वांगी आणली, जांभळी, बिचारी आपल्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांपुढे पोरकी दिसणारी. इथे शेतात कपाशीच्या काट्या पेटवून त्यावर वांगी टाकायची, तिकडे विजेची शेगडी. तिच्यावर फॉइल टाकून साहेबांनी सहा वांगी ठेवली आणि धुराचा वास हवा म्हणून खिडकी बंद केली. धूर झाला. आधी घरातला भोंगा वाजला, मग इमारतीतले सगळे. लाकडी घरं ती, कोणी धोका पत्करत नाही. म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, कुत्री, सगळी इमारत झोपेच्या कपड्यांत बर्फात उभी. आणि त्यांच्या मधोमध हा, एका हातात चिमटा, चिमट्यात वांगं, दुसऱ्या हातात फोन.

"मला वाटलं, वडिलांना फोन लावतायत," वहिनी म्हणाल्या. "बघते तर स्टॉपवॉच. बंब आला आणि हे ओरडले, चार मिनिटं!"

ते वांगं त्याने बर्फातच सोललं म्हणे. गोष्ट संपली तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो होतो, आणि तिकडे डोळे मिटूनच म्हणाला, "तीन मिनिटं छप्पन्न सेकंद."

बँकेतल्या चाळीस मिनिटांची गल्लीभर बोंब मारणारा हा माणूस तिकडे स्वतः एका रांगेत उभा आहे. ग्रीन कार्डाची रांग. नोकरीवर मिळणाऱ्या कार्डांत कोणत्याही एका देशाला वर्षाला साधारण 7 टक्क्यांहून जास्त वाटा द्यायचा नाही, मग तो देश आइसलंड असो की भारत, असा तिथला नियम. त्यामुळे आइसलंडची रांग आखूड असते आणि आपली संपत नाही. याच्या अर्जाची तारीख 2015 ची. कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली, हे दर महिन्याला सरकार छापतं. ती तारीख कधी दोन आठवडे पुढे जाते, कधी हलत नाही, कधी चक्क मागे येते. पुढे असलेली रांग मागे सरकते, हे आमच्या रेशनच्या दुकानातही मी पाहिलेलं नाही. या रांगेला त्याने घड्याळ लावलेलं मी तरी ऐकलं नाही.

कोविडनंतरच्या वर्षात त्याचे वडील, अण्णा, मोरीत पडले. त्या दिवशी पाण्याची पाळी होती, म्हणून शेजारच्या काकू पहाटे साडेचारला हंडे लावून बसल्या होत्या. त्यांना आवाज गेला. रोज चोवीस तास पाणी असतं तर त्या घोरत असत्या, आणि हे वाक्य मी तिकडेपुढे कधी बोललो नाही. गल्लीतल्या पोरांनी दार उचकटलं, रिक्षा काढली, खुब्याचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. हा तिकडून येऊ शकला नाही. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला. इथे आला असता तर मुंबईच्या वकिलातीत नवा शिक्का घेतल्याशिवाय परत जाता येत नव्हतं, आणि त्या दिवसांत शिक्क्याच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या. नोकरी गेली की तिथलं राहणंही धोक्यात. तो फोनवर होता, दिवसभर. मी अण्णांच्या खाटेशी फोन धरून बसलो तर हा विचारतोय, काकूंना पोचायला किती वेळ लागला, रिक्षाला किती, डॉक्टरला किती. मी वैतागलो. काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. "अरे बाबा, नळ तसाच सोडून पळाले मी. घड्याळ कोण बघतं? झोप आता, तिकडे रात्र असेल."

त्यानंतरच्या खेपेला त्याने काकूंसाठी स्वयंपाकाचा टायमर आणला. टोमॅटोच्या आकाराचा, पिळला की टिकटिकणारा. काकूंची डाळ आजन्म शिट्ट्यांवर शिजत आली आहे, त्यांना त्या टोमॅटोचा काय उपयोग? पण वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही. तिकडे येऊन त्यांच्या ओट्यापाशी बसला आणि "काकू, तिकडे…" म्हणाला की त्या टोमॅटो पिळून दहावर ठेवतात आणि निमूट भाकरी थापू लागतात. टिर्र वाजलं की त्याच्यापुढे ताट येतं, भरीत आणि कळण्याची भाकरी.

"झालं तुझं? जेव आता."

"काकू, हा सव्वा मिनिट आधी वाजला."

"वाजू दे. जेव."