सेन्सरभाऊ

सेन्सरभाऊंकडे गाडी आहे. ती चालवताना त्यांना अलीकडे कुणी पाहिलेलं नाही, एवढंच. १९९८ची कार्बुरेटरवाली मारुती ८०० आसनगावात त्यांच्या पडवीला लागून उभी असते. उन्हाळ्यात तिच्या टपावर कुरडया वाळतात, पावसाळ्यात बोनेटखाली मांजर वितं. भाऊंची त्याबद्दल तक्रार नाही. गाडी 'ट्यूनिंगसाठी थांबवली' आहे, आणि ट्यूनिंग थांबलंय ते वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर कुठला घ्यायचा हे ठरायचंय म्हणून. हे ठरवणं सुरू झालं तेव्हा समृद्धी महामार्गाच्या इगतपुरी ते आमणे या शेवटच्या टप्प्याचं काम चालू होतं. जून २०२५मध्ये तो टप्पा खुला झाला, गाड्या भुर्रकन जायला लागल्या. भाऊंचा निर्णय अजून बोगद्यातच आहे.

नोकरी ठाण्याला, त्यामुळे भाऊंचं खरं व्यासपीठ म्हणजे कसारा लोकल. टिटवाळ्याला विषय निघाला की खडवलीपर्यंत प्रस्तावना, वासिंदपर्यंत बॉशचा एलएसयू ४.२, आणि ४.९ला हात घालेपर्यंत आसनगाव येतं. आटगाव-खर्डीची मंडळी त्या क्षणाची वाट पाहत असतात. आपल्याला मात्र भाऊंबरोबरच उतरावं लागतं, आणि ४.९ मग जिन्यावर पुरा होतो.

एक मात्र कबूल करायला हवं. भाऊ समजावतात झकास. हळदीच्या मांडवात, डीजेच्या भिंतीपाशी उभं राहून त्यांनी मला जे ओरडून सांगितलं ते अजून लक्षात आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की मिक्चर रिच, जास्त झाली की लीन. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे सेन्सर बघतो. बॉशचा असा पहिला सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत बसला. तो नॅरोबँड. सासूबाईंनी आमटी चाखावी तसा: 'खारट' किंवा 'अळणी' एवढंच सांगणार, मीठ किती चिमटी चुकलं ते नाही. बरोबर मिश्रणाच्या लीन बाजूला ०.१ व्होल्ट, रिच बाजूला ०.९, मध्ये एकदम उडी. वाइडबँड मात्र हिशेब देतो. त्याच्या पोटात एक चिमुकली खोली असते आणि तिच्यातलं मिश्रण कायम समतोल ठेवायला तो ऑक्सिजन आत ओढतो किंवा बाहेर काढतो. त्या ओढाताणीला किती करंट लागला, त्यावरून मिश्रण किती घसरलंय ते कळतं.

"मग घेऊन टाका ना," असं मी म्हणालो.

भाऊंनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "कुठला?"

तर ४.२ हा जुना गडी. त्याला अधूनमधून पाइपातून काढून मोकळ्या, स्वच्छ हवेत धरून कॅलिब्रेट करावं लागतं. ४.९ नवा, आणि काही कंपन्यांच्या कंट्रोलरना त्याच्या बाबतीत ही कटकट लागत नाही, कारण प्रत्येक सेन्सरची जुळणी कारखान्यातच होऊन त्याच्या कनेक्टरमध्ये तसा रेझिस्टर बसलेला असतो. कुणीही शहाणा माणूस इथे ४.९ उचलून मोकळा होईल. भाऊ म्हणतात, "कारखान्यातली हवा मी पाहिलेली नाही." म्हणजे ४.९ घेतला तरी कॅलिब्रेशन होणारच, आणि तेही आसनगावच्या हवेत.

आता आसनगावची स्वच्छ हवा शोधायची कधी आणि कुठे? महामार्गालगत नाही, तिथे नाशिकचे ट्रक धूर सोडतात. गावाबाहेर जावं तर दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात. त्या विझायच्या आत शेतकरी राब भाजायला घेतात, मग मे महिनाभर सगळा तालुका धुरकट. पाऊस पडला की हवा धुतली जाते, पण ती इतकी दमट असते की वाफेनं ऑक्सिजनचा वाटा खाल्लेला असतो. तीस अंशांना हवा पूर्ण ओली असेल तर तिच्यात चार टक्क्यांच्या आसपास नुसती वाफ. हे गणित भाऊंनी पावसात माहुली किल्ल्याच्या पायथ्याला उभं राहून, छत्री मानेत धरून, मोबाइलवर केलं. राहता राहिले नवरात्र ते दिवाळीमधले थोडे दिवस, आणि तेव्हा फटाके. या हिशेबात चूक काढता येत नाही, हीच त्याची पंचाईत.

पण भाऊंना वेडं ठरवण्यात अर्थ नाही. त्यांचं मूळ दुखणं खरं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतःबरोबर थोडा ऑक्सिजन घेऊनच येतं, त्यामुळे अशा पेट्रोलला हवा कमी पुरते, साधारण साडेतेरा पट. इंजेक्शनवाल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरचं ऐकून पेट्रोल वाढवतो. १९९८च्या कार्बुरेटरला कान नाहीत. त्याच्या जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल येणार, मिक्चर लीन पडणार, गाडी घाटात गुदमरणार. भाऊंना नेमकं किती लीन ते हवंय. त्यासाठी त्यांनी पंपावरच चौकशी केली होती.

"यात इथेनॉल किती?"

"पाचशेचं टाकू?"

"टक्के विचारतोय रे."

"फुल करू का मग?"

त्यातून पुढचा पेच निघाला. मीटरवर आकडा कुठला हवा? सेन्सरला खरं तर लॅम्डा कळतो, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळाली तो आकडा. समतोल असेल तर १, मग पेट्रोल कुठलंही असो. पण बहुतेक मीटर त्याला गुपचूप १४.७नं गुणतात आणि इथेनॉलचं पेट्रोल असतानाही १४.७च दाखवतात. भाऊंच्या मते ही लबाडी आहे. त्यांना लॅम्डा दाखवणारंच मीटर हवं, गोल, ५२ मिलिमीटरचं. ८००च्या डॅशबोर्डवर डोळ्यांसमोर अशी एकच जागा आहे आणि तिथे गणपती बसलेला आहे.

"त्याला हलवायचं नाही," आईंनी पडवीतूनच सांगितलं.

वहिनींनी तोडगा काढला. "मीटर मागच्या काचेत लावा. नाहीतरी गाडी उभीच असते."

खर्च वीस हजारांच्या पुढे जातो, ही भाऊंच्या दृष्टीनं गौण बाब. कुर्ल्याच्या भंगारात फोक्सवॅगनमधून निघालेला ४.९ स्वस्तात मिळू शकतो, पण तो आधीच्या मालकाच्या पापांनी मेलेला नसेल कशावरून? सायलेन्सरला कुणी सिलिकॉन फासलं असेल तरी सेन्सर संपतो. नवा घ्यावा तर बाजारात डुप्लिकेट. भातसा, तानसा, वैतरणा अशी धरणं उशाला घेऊन ज्या तालुक्यातले पाडे एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतात, तिथे एका सेन्सरसाठी थांबणाऱ्याला कुणी फारसं हसत नाही.

हसतात ते फक्त हायवेवरचे मिस्त्री. त्यांची पद्धत जुनी आहे. गाडी पळवून आणायची, प्लग खोलायचा, उजेडात धरायचा. काळा असेल तर रिच, पांढरा पडला असेल तर लीन, विटकरी दिसला की चहा सांगायचा.

"भाऊ, जेट एक नंबर मोठा टाकतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"पण मिस्त्री, कसारा घाट चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटरवर लॅम्डा किती असेल?"

"गाडी चढली ना वर?"

"समजा चढली."

"मग बरोबरच असेल."

भाऊ तिथून दुखावून निघतात आणि दोन दिवसांनी परत जातात, कारण कितीही झालं तरी मिस्त्रींइतकं मन लावून त्यांचं कुणी ऐकत नाही. आणि मिस्त्रीही त्यांना धरून असतात, त्याला कारण आहे. किन्हवलीकडच्या एका पोराच्या बीएस-सिक्स मोटरसायकलचं ॲव्हरेज निम्म्यावर आलं होतं. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, पंपावर भांडण झालं, आता इंजेक्टर बदलायचा म्हणून पोरगं पैसे मोजत होतं. भाऊ स्टुलावर बसून बशीतला चहा पीत होते. ते उठले, गाडी चालू करायला सांगितली आणि सायलेन्सरच्या वरच्या तोंडाशी हात नेला. गॅस्केट फुटलं होतं. तिथून बाहेरची हवा आत शिरत होती, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसत होता, बिचारा ईसीयू लीन समजून पेट्रोल ओततच होता. गॅस्केट बदललं, गाडी सुधारली. पोरगं पाया पडायला वाकलं तर भाऊंनी त्याला उभं करून ४.२ आणि ४.९मधला फरक सांगायला घेतला.

एवढं ज्याला सेन्सरशिवाय कळतं, त्याला सेन्सर कशाला हवा? माझा आपला अंदाज असा की सेन्सर आला की आकडा येणार, आकडा आला की जेट बदलावा लागणार, आणि जेट बदलला की गाडी नुसती चालायला लागणार. चालत्या ८००बद्दल टिटवाळ्यापासून आसनगावपर्यंत काय बोलायचं?

आणि तरीही गेल्या महिन्यात भाऊंनी ४.९ मागवला. लॅम्डाचं मीटर, कंट्रोलर, सगळं. डबा आला तेव्हा आईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मी स्वतः पाहिलं. भाऊ डबा घेऊन शहापूरच्या वेल्डरकडे गेले, कारण पाइपाला भोक पाडून सेन्सरचा नट वेल्ड करावा लागतो. त्यांनी कागदावर आकृती काढून नेली होती. सेन्सर आडव्या रेषेच्या वर निदान दहा अंश कललेला हवा, नाहीतर पाइपातलं पाणी त्याच्यावर साचतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं. नट अठराचा, आटे दीडचे. इंजिनपासून सेन्सरपर्यंत कुठेही गळती नको. आणि एकदा बसवला की वायर जोडल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, हीटर बंद असेल तर काजळीनं सेन्सर मरतो.

वेल्डरनं सगळं ऐकून घेतलं. कागद घडी करून खिशात ठेवला.

"होतंय भाऊ. गाडी आणा."

"गाडी चालू होत नाहीये. बॅटरी उतरलीय."

"मग नवी टाका."

"हो, तेच बघतोय," भाऊ म्हणाले, आणि स्टूल पुढे ओढून बसले. "सेन्सरचा हीटर सुरुवातीला बराच करंट खेचतो. मला सांगा, पस्तीस ॲम्पिअरची पुरेल, की चव्वेचाळीसची घेऊ?"