मागच्या वर्षीचा

यूथ हॉस्टेलच्या सार पास ट्रेकसाठी मे महिन्यात कसोलला तंबूंची रांग लागते. त्यातल्या प्रत्येक तंबूत हा एक असतोच. वय एकोणीस-वीस. सॅकला आधीच्या मोहिमेचा बिल्ला आणि पायात मुद्दाम न धुतलेले बूट. बाकीची पोरं पार्वती नदीचा आवाज ऐकत दारात उभी असतात, तोवर ह्याने वारा न लागणारा कोपरा धरून पथारी पसरलेली असते. घरच्यांनी पहिल्यांदाच एकट्याने हिमाचलात धाडलेला एखादा पोरगा भीतभीत विचारतो, "दादा, तू आधी आलायस?" एवढंच निमित्त पुरतं. दादा सॅकला टेकतो, पाय लांब करतो आणि म्हणतो, "मागच्या वर्षी..."

सार पासची उंची साधारण १३,८०० फूट. ती दरवर्षी तेवढीच असते, पण ह्याच्या मागच्या वर्षी ती पंधरा हजारांच्या पुढे होती. बर्फ तेव्हा कमरेपर्यंत होता, वाटेवरची मॅगी तिखट होती, कॅम्प लीडर कडक होते. यंदा सगळ्यालाच उतरती कळा लागली आहे. रात्रीचा बोर्नव्हिटासुद्धा त्याला पूर्वीसारखा लागत नाही. इथल्या कॅम्पफायरला लाकडं जाळत नाहीत, नुसती गाणी आणि नकला होतात. तरी त्या नसलेल्या आगीलाही मागच्या वर्षी जास्त ऊब होती.

इतरांच्या सॅक तपासणं हा तर त्याचा हक्कच. "जीन्स? एकदा भिजली की वर वाळतच नाही. काढ." हे खरंच असतं. "तीन टॉवेल? लग्नाला आलायस का?" हेही खरंच. मग हात लागतो आईने दिलेल्या चकल्यांच्या डब्याला. "एवढं ओझं घेऊन चढणार?" सॅकचं वजन कमी करण्याचा त्याला ठाऊक असलेला एकच मार्ग म्हणजे ते आपल्या पोटात हलवणं. सगळ्यांच्या सॅक हलक्या झाल्यावर अंधार पडतो आणि कळतं, की टॉर्चचे सेल फक्त ह्यानेच आणलेले नाहीत.

डोंगर संपला म्हणून तो संपत नाही. ऋषिकेशला गेलात, तर शिवपुरीहून सुटणाऱ्या राफ्टमध्ये तो तुमच्या शेजारी बसलेला सापडेल. गाइड "फॉरवर्ड!" ओरडतो तेव्हा सगळे वल्ही मारतात. हा मात्र वल्हं मांडीवर ठेवून सांगत असतो, की 'रोलर कोस्टर'ची लाट मागच्या वर्षी दुप्पट होती. गाइड "गेट डाऊन!" म्हणतो तेव्हा सगळ्यांनी ऐकलं की नाही हे पाहायला तो मागे वळतो आणि गंगार्पण होतो. लाइफ जॅकेटच्या खांद्यांना धरून त्याला परत आत ओढून घेतात. नाकातलं पाणी निथळायच्या आत तो म्हणतो, "ह्याला बॉडी सर्फिंग म्हणतात. मुद्दाम करायचं असतं."

मालवणला, समुद्रातल्या खेळांचा हंगाम बंद व्हायच्या आत, स्कूबाच्या होडीतही तो असतो. पाण्याखाली बोलता येत नाही, हेच त्याला मुळात मंजूर नसतं. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे', अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या', हे होडीत नीट सांगितलेलं असतं. ह्याला कशाला ऐकायला लागतंय! खाली पहिला रंगीत मासा दिसताच तो खूश होऊन अंगठा दाखवतो. इन्स्ट्रक्टर इमानदारीत त्याला वर आणतो. पुन्हा खाली, पुन्हा मासा, पुन्हा अंगठा. इतरांनी प्रवाळ पाहिलं, ह्याने बहुतेक वेळ सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. तोही म्हणे मागच्या वर्षी जवळ होता.

पण ह्या गड्याचा खरा कस लागतो तो साक्षीदार निघाल्यावर. सार पासच्याच वाटेवर, नगारूच्या कॅम्पवर वारा तंबू उपटायला बघत असतो. पहाटे अंधारातच निघायचं असतं, कारण ऊन चढलं की बर्फ मऊ होतो आणि पाय आत जातो. हे कारण तो सगळ्यांना समजावत असतानाच सांगलीच्या एक बाई चहाचा मग घेऊन जवळ येतात. सगळ्या वाटेत त्या फारसं बोललेल्या नसतात. "अरे, मघापासून आठवतेय. मागच्या वर्षी माझ्याच बॅचला होतास ना तू? इथेच रडत बसला होतास, आईकडे जायचं म्हणून. मी तुला मोजे दिले होते."

हशा असा उसळतो, की शेजारच्या तंबूतून ओरडा येतो. दादा गप्प. सबंध मोहिमेत पहिल्यांदाच सगळ्यांना वाऱ्याचा आवाज नीट ऐकू येतो.

एक जण मात्र हसलेला नसतो. पहिल्या दिवशीचा तो भित्रा पोरगा कोपऱ्यात ब्लँकेट तोंडावर ओढून हुंदके देत असतो. त्याला उद्या जायचंच नसतं. कॅम्प लीडरने समजावून झालं, बाईंनी खडीसाखर देऊन झाली. शेवटी दादा उठतो, त्याच्या शेजारी जाऊन बसतो, बराच वेळ त्याचं रडणं कान देऊन ऐकतो आणि नाक मुरडतो.

"हे काय रडणं झालं? मागच्या वर्षी मी रडलो होतो, पार खाली कसोलपर्यंत ऐकू गेलं होतं."

पोराला हुंदक्यातच हसू फुटतं. पहाटे तो सगळ्यांच्या आधी बूट बांधून दारात उभा असतो. उशीर दादालाच होतो; त्याचा एक मोजा सापडत नसतो.

"मागच्या वर्षी," तंबूतून आवाज येतो, "मोजेसुद्धा जागच्या जागी असायचे."