टार्गेट ठरतंय

गव्हाणात दर चार घरांमागे एक दादूस असतो, पण ‘मॅरेथॉनवाला’ म्हटलं की पोरं एकाच ओटीकडे बोट दाखवतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दादूस हाफ धावला, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, शेवटचे सत्त्याण्णव मीटर तो कधीच विसरत नाही. माहीमहून पहाटे पाचला सुटायचं म्हणून आदल्या रात्री शीवच्या आत्याकडे झोपला. पायी माणसाला एरवी बंदी असलेल्या सी लिंकवरून धावला आणि मेडल घेऊन घरी आला. आयेने मेडल हातात तोलून पाहिलं, “पितल हाय क?” एवढंच विचारलं आणि तांदूळ निवडायला बसली.

इथपर्यंत कौतुकच आहे. खरा दादूस सुरू होतो तो यानंतर.

धावणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे: शर्यतीच्या दर मैलामागे एक दिवस आराम. हाफला तेरा दिवस पुरे. दादूस म्हणाला, आपल्याकडे मैल कुठे चालतो? त्याने किलोमीटर धरले आणि एकवीस दिवस मिळवले. मग सरावाचे किलोमीटर का सोडायचे, असंही त्याला वाटलं. त्या हिशेबाने सध्या तो पुढच्या वर्षाचा आराम आगाऊ घेतोय. अंगठ्याचं काळं पडून निघालेलं नख काडेपेटीत जपलंय. आल्यागेल्याला आधी मेडल दाखवतो, मग नख. चहा शक्यतो नखाच्या आधीच संपवावा.

मध्ये एकदा नवे शूज घालून उलव्याच्या रस्त्याला लागलाही होता. समोरून पाटी घेऊन येणारी म्हातारी थांबली. “कनाला धावतंस रं? कोन लागलाय मागं?” मागे कोणी नव्हतं आणि पुढेही काही नव्हतं. तिथेच त्याला उमगलं की टार्गेटशिवाय धावण्यात अर्थ नाही. परत फिरला, तो चालत.

तेव्हापासून टार्गेट ठरतंय. आधी साताऱ्याची हिल मॅरेथॉन ठरली. यवतेश्वरचा चढ मोबाइलवर तीन बाजूंनी पाहून झाला, तोवर नावनोंदणी भरली. मग लडाख. तिथे खारदुंग ला ओलांडून ७२ किलोमीटरांची शर्यत असते, सतरा हजार फुटांच्याही वर. आपली जमीन भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेली. इथे विरळ हवा आणायची कुठून? दादूस नाक दाबून जिना चढायला लागला. दुसऱ्या मजल्यावर शेजारच्या काकूंनी कांदा हुंगवला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स: १९२१ पासूनची, जवळजवळ नव्वद किलोमीटर, बारा तासांची मुदत. तिला आधी फुल मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत पुरी करावी लागते. दादूसने फुल अजून धावलेली नाही, पण सुक्या बोंबलाची चटणी विमानात चालते का, याची चौकशी केली आहे.

सगळ्यात जास्त टिकलं ते अटल सेतूचं टार्गेट. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला सेतू, अगदी हाकेच्या अंतरावर, २१.८ किलोमीटर लांब, म्हणजे हाफला पुरून उरणारा! मोटारसायकललाही तिथे बंदी, पायी माणसाला कोण सोडतो? “परवानगी मिळाली की उद्या धावतो,” दादूस छाती काढून सांगतो. या टार्गेटवर तो ठाम आहे, आणि का ठाम आहे हे सगळ्या आळीला माहीत आहे.

आराम मोडतो तो फक्त हळदीला. भावकीतल्या हळदीत फिनिशरचा टी-शर्ट घालून बेंजोपुढे पहाटेपर्यंत नाचला. गुडघ्याने तक्रार केली नाही. घड्याळाने मात्र सकाळी अभिनंदन केलं: महिन्यातला सर्वात मोठा व्यायाम. दादूसला तो अपमान वाटला.

परवा सकाळी आम्ही प्लॅटफॉर्मवर उभे होतो. गाडी आत येत होती. उरण लाइनला पुढची गाडी लवकर नसते. रस्त्याच्या वळणावरून दादूस सुटला, खांद्याला बॅग, हातात डबा, पायांत चपला. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला, उतरला, आणि दार धरून आत आला. सी लिंकवरही हा वेग निघाला नसेल.

“दादूस, झाली की सुरुवात!” कोणीतरी पाठ थोपटली.

त्याने मनगट पाहिलं आणि चेहरा पडला. “घड्याळ चालू करायचं राहिलं,” तो म्हणाला. “हे धरायचं नाय.”