सुरतेवर तिसरी स्वारी

प्राथमिक शाळेतील मुलाने स्वतःच्या हातांनी एखादी वस्तू घडवावी आणि त्या घडविण्यातच त्याचे शिक्षण व्हावे, हा विचार किलपॅट्रिक नामक अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने १९१८ साली निबंधरूपाने मांडला तेव्हा, मुलास वडील असतात, वडिलांस हौस असते आणि घरात कात्री असते, ही गोष्ट बहुधा त्याच्या ध्यानात आली नसावी. त्यामुळे हल्ली शाळेच्या मेजावर 'प्रकल्प' म्हणून जे काही दाखल होते, ते पालकाने रचलेले, पाल्याने केवळ वाहून आणलेले आणि बाईंनी मुलाहिजा राखून मंजूर केलेले असते.

सुरतेत मात्र या शिरस्त्याला थोडा अपवाद आढळतो. येथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतूनही चालतात. उधना-जळगाव लोहमार्गाने पोटासाठी इकडे आलेल्या कितीतरी खानदेशी कुटुंबांची मुले लिंबायत-उधन्याकडच्या मराठी शाळांत बसतात, आणि त्यांचे वडील मागावर बारा-बारा तासांची पाळी भरीत असल्याने, हौस कितीही असली तरी कात्री धरण्यास त्यांना सवड नसते. बरे, साहित्याला तोटा नाही. कापडाचा तागा ज्यावर गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या नळ्या, साड्यांचे रिकामे खोके, जरीच्या काठांचे तुकडे आणि आई घरी बसून साडीवर चिकटवीत असते त्या टिकल्या, एवढ्या सरंजामावर येथील चौथीतला विद्यार्थी ब्रह्मांडही उभे करील. अशाच एका शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली असता मी जे पर्जन्यचक्र पाहिले, त्यात पाऊस रुपेरी टिकल्यांचा पडत होता. आणि मखमलीचे मानवी हृदय तर असे नटलेले होते, की शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते सदोष असले तरी लग्नसमारंभात मिरविण्यास सर्वथैव योग्य होते.

खरा पेच इतिहासाच्या मेजावर होता. 'आपले शहर' या विषयावर एका मुलाने तापीकाठचा, सोळाव्या शतकातला सुरतेचा किल्ला केला होता. बुरूज नळ्यांचे, तापी निळ्या सिंथेटिक कापडाची, आणि पलीकडून दौडत येणारे मराठी घोडेस्वार. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगल अंमलदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला, वीरजी व्होरांसारख्या कोट्यधीशाची पेढी लुटली गेली, किल्ला मात्र तसाच राहिला. पुढे ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा येऊन गेले. हे सारे पाठ्यपुस्तकास धरून असले, तरी त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे सुरतेचेच एक कापड-व्यापारी होते आणि शाळेस त्यांजकडून पंख्यांची आशा होती. मुख्याध्यापिकाबाईंनी मोठ्या मुत्सद्देगिरीने तोड काढली: घोड्यांची तोंडे किल्ल्याकडून नदीकडे वळविली, आणि 'सुरतेची लूट' ही चिठ्ठी काढून तिच्या जागी 'महाराजांची सुरतेस भेट' अशी चिठ्ठी डकवली.

शेठजींनी ती चिठ्ठी वाचली, क्षणभर विचार केला, आणि पोट धरून हसत म्हणाले, "आ तो अमारा सौथी मोटा घराक!" मग त्यांनी त्या मुलास जवळ घेऊन, तू नेमका कोणाच्या बाजूचा, असा मामला थेट इजलासापुढे ठेवला. मी जराशी मान खाली घातली. मुलाने मात्र ना बाईंकडे पाहिले ना माझ्याकडे. "महाराज बी आमना, अन् किल्ला बी आमना शे," असा निवाडा देऊन तो कलंडू पाहणारा बुरूज सरळ करू लागला. गेल्या साडेतीनशे वर्षांत इतिहासकारांनी या प्रकरणी जी जाबजबाबांची भेंडोळी उलगडली, त्यांत इतकी सुटसुटीत मखलाशी माझ्या पाहण्यात नाही.

पहिले पारितोषिक अर्थातच सूर्यमालेस मिळाले, कारण तिला विजेची मोटार होती. ती मोटार त्या बालकाने बसविली काय, असे मी सहपरीक्षकांना विचारले. तेव्हा त्याचे काका वायरमन असल्याची माहिती मिळाली. मी भिन्न मत लेखी नोंदविले. ते दप्तरी दाखल झाले, म्हणजे काय झाले ते जाणकारांस सांगणे नलगे. वास्तविक ताराबाई मोडकांनी भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले, आणि पुढे मुंबई-सुरत मार्गावरच्या घोलवडनजीक बोर्डीस १९४५ साली बालशिक्षणाचे केंद्र मांडले, ते मुलाच्या हातांवर विश्वास ठेवून. काकांच्या हातांवर ठेवला असता तर एवढी यातायात करण्याचे कारण नव्हते.

तरी सुरतेच्या कारखानदार मंडळींस विनंती, की रिकाम्या नळ्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकवार जवळच्या शाळेत विचारावे. आणि समस्त वडील, काका व मामा यांस कळविणे, की बुरूज कलंडला तर कलंडू द्यावा, तो सरळ करणारा घरात आहे.