पाचोळा, शेकोटी आणि पावती

लग्नाच्या मांडवाला परवानगी लागते, रस्ता खोदायला लागते, फलक लावायलाही लागते. शेकोटीसाठी मात्र नगरपालिकेच्या खिडकीवर अर्जाचा नमुना सहसा नसतो. तिथे परवान्याची भानगड नाही, थेट बंदीच आहे, आणि तीही एकाहून अधिक ठिकाणी छापलेली.

1981 च्या हवा प्रदूषण कायद्यातल्या कलम 19 नुसार राज्य सरकारला एखाद्या भागात जाळण्यावर बंदी घालता येते, पण जी वस्तू इंधन नाही तिच्यापुरतीच. म्हणजे सरपण सुटते आणि कचरा सापडतो. स्वच्छता निरीक्षक दुरून दिसताच ढिगावर दोन ढलप्या टाकून हात शेकायला बसणारा नागरिक हे कलम न वाचताही त्याचा आधार घेत असतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर आणि मोकळ्या जागी कचरा टाकणे, जाळणे आणि पुरणे या तिन्ही वाटा एकाच वाक्यात बंद केल्या. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दरही ठरवून दिले: साध्या जाळण्याला 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000. साधे कुठे संपते आणि मोठे कुठे सुरू होते, हे ढीग बघूनच ठरायचे. ढीग मात्र जळता जळता लहान होतो, त्यामुळे पथकाला यायला उशीर झाला तर तो नागरिकाच्या पथ्यावरच पडतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 मध्ये आगीबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नुसता दंड पाहिला तर माणसाच्या जिवावर बेतणारा जाळ पाचोळ्याच्या जाळापेक्षा स्वस्त पडतो.

खरा घोळ पाचोळ्याचाच. कुरकुरीत वाळलेले पान ओल्या कचऱ्यात घालावे की सुक्यात, या प्रश्नावर सोसायटीच्या सभा रंगतात. ते कुजते म्हणून ओले, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष पान हातात चुरडून दाखवतो. नियमांनी दोघांनाही हरवले आहे. बागेचा कचरा वेगळा काढून आपल्याच आवारात ठेवावा आणि स्थानिक संस्थेच्या निर्देशांनुसार त्याची विल्हेवाट लावावी, असे 2016 च्या नियमांनी सांगितले. निर्देश येईपर्यंत झाडे थांबत नाहीत. बदाम आणि पिंपळ तर या बाबतीत अगदीच बेशिस्त.

रस्त्यावरचा पाचोळा सफाई कामगारांनी जाळू नये, तो वेगळा साठवून कचरा नेणाऱ्यांच्या हवाली करावा, हेही त्याच नियमांत स्वतंत्रपणे लिहिले होते. नियम करणाऱ्यांनी सकाळी सातचा रस्ता पाहिलेला असावा. खराट्याने गटाराशेजारी लोटलेला ढीग, त्यात गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचा तुकडा, नारळाची करवंटी; मुकादम वाऱ्याच्या उलट बाजूला उभा. घंटागाडी फुगीर पाचोळा घ्यायला नाखूश असते, कारण गाडी लवकर भरते आणि वजन काही होत नाही. काडीपेटीला असली अडचण नसते.

थंडीतली पहारेकऱ्याची शेकोटी हा वेगळा प्रकार. दिल्लीत प्रदूषण वाढले की लागू होणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या आराखड्यात रहिवासी संघटनांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते लाकूड-कचरा जाळणार नाहीत, अशी तरतूद आहे. शेजारच्या उत्तर प्रदेशात मात्र कडाक्याच्या थंडीत प्रशासनच चौकाचौकांत लाकडे पुरवून अलाव पेटवते. दिल्लीत जे पथकाचे काम, ते तिथे स्वागताचे. गारठलेल्या माणसाने हद्द विचारून बसावे.

होळीपुढे सगळी पथके नरम होतात. बंदी जाळाला नसते, लाकडाला असते. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष कायद्याचा आधार घेऊन मुंबईत दरवर्षी इशारा निघतो: विनापरवाना झाड तोडल्यास 1,000 ते 5,000 रुपये दंड आणि आठवड्यापासून वर्षापर्यंत कैद. झाड तोडायला परवानगीचा अर्ज करता येतो, पण ‘होळीसाठी’ हे कारण त्यात लिहायला कोणी धजत नाही. मग मोडकी खुर्ची, फळांच्या पेट्या आणि कोणाचे तरी बेवारस वाटलेले फाटक कामाला येते. फाटकाचा मालक बोंब मारतो, पण त्या रात्री सगळेच मारत असल्याने तक्रार नोंदली जात नाही.

शहराबाहेर हिशेब पुन्हा बदलतो. कोकणात भाताच्या रोपांसाठी पाला, शेण आणि गवत अंथरून राब भाजतात, तेव्हा धूर शहरातल्या पाचोळ्याइतकाच होतो. पण तो खाचरातला धूर, त्याला नगरपालिकेचा निरीक्षक नाही. राखीव जंगलात मात्र 1927 च्या भारतीय वन कायद्याचे कलम 26 आहे. आग लावणे तर गुन्हा आहेच, वनाधिकाऱ्याने जाहीर केलेला हंगाम सोडून एरवी विस्तव पेटवणे, ठेवणे किंवा नुसता बरोबर नेणेही गुन्हा. गडावर मुक्कामाला जाऊन शेकोटीभोवती गाणी म्हणणाऱ्यांना हे कलम गिटारपेक्षा जड वाटते.

याच जंगलांत उन्हाळ्याआधी रीतसर जाळ करण्याचे काम वनखाते करते. वणवा पुढे सरकू नये म्हणून ते गवताचे पट्टे कापून जाळते आणि जाळरेषा आखते. त्या धुराची पावती फाडायला कोणी येत नाही, कारण पावतीपुस्तक धूर करणाऱ्याच्याच हातात असते.