चौकोनातले आबा

माणसाचं चरित्र कुठं लिहून ठेवलेलं असेल याचा काही नेम नसतो. आमच्या आबांचं ते कालनिर्णयच्या चौकोनांत आहे. 1973 साली हे कॅलेंडर पहिल्यांदा निघालं आणि मुंबईला गिरणीत असलेल्या त्यांच्या धाकट्या भावानं शिमग्याला येताना ते मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावी आणलं. म्हणून त्या वर्षाचे जानेवारी-फेब्रुवारी कोरे आहेत. पुढं मात्र आबांनी एकही चौकोन सुना जाऊ दिला नाही आणि एकही कॅलेंडर टाकलं नाही. वर्ष सरलं की गुंडाळी करायची, सुतळीनं बांधायची आणि कणगीमागं सारायची. तिथी, एकादशी, सण हे कालनिर्णयच्या साळगावकरांनी छापलेलं. खाली उरलेल्या बोटभर जागेत आबांचा संसार.

बहात्तरचा दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता. दामाजीपंतांनी उपाशी माणसांसाठी कोठारं खुली केली ही गोष्ट आमच्याकडं पाळण्यातच ऐकवतात. त्याच मुलखावर परदेशातून आलेला तांबडा मिलो खायची पाळी आली होती. मालदांडीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसांनी तो कसा गिळला असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मे महिन्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर राबत होती. रोजगार हमीचा कायदा त्यातूनच पुढं 1977 साली आला. आबांच्या चौकोनांत यातलं काही नाही. तिथं नुसतं ‘खडी’, ‘खडी’, ‘खडी’ असं ओळीनं लिहिलंय आणि एका शनिवारी ‘पगार. मिलो. बांगड्या.’ खायची भ्रांत असताना बांगड्या कसल्या, असं आम्ही आजीला विचारलं, तर तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, “खडी फोडताना फुटल्या हुत्या की रं माज्या.”

आबांना विशेषणांची चैन कधी परवडली नाही. ‘ढवळ्याला पत्र्या.’ ‘तांबडी गाभण.’ ‘इंजिन बंद. वायसर.’ ‘शाळेची फी.’ सगळं एकाच मापाच्या अक्षरात. बैलाच्या पत्र्यांना जेवढी जागा, तेवढीच लेकीच्या लग्नाला. थोरल्या आत्याला बघायला पाहुणे आले त्या दिवशी ‘पाहुणे. पसंत. कडबा 200 पेंढ्या’ अशी नोंद आहे. यातलं नेमकं काय पसंत पडलं, मुलगी की कडबा, यावर घरात अधूनमधून चर्चा होते आणि आत्या तेवढ्यापुरती उठून चहा टाकायला जाते.

जून-जुलैत हे चौकोन तसे शांत. आमच्याकडच्या काळ्या रानाचा जीव अडकलेला असतो उत्तरा आणि हस्त नक्षत्रात. हत्तीचा पाऊस पडला, रानात ओल मुरली, की पाभर धरायची. मग वरून थेंब नाही पडला तरी जमीन पोटातली ओल जपून ठेवते आणि नुसत्या थंडीवर, दवावर ज्वारी पुरुषभर वाढते. या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती पिकवणाऱ्यांना कसलंही मानांकन नसतं, आणि आबांना ते मिळालं असतं तरी त्यांनी ते बियाण्याच्या पिशवीत कुठंतरी ठेवून दिलं असतं. मला वाटतं, त्यांनाही लहानपणी कधीतरी कुणीतरी एकदाच शाबास म्हटलं असावं; त्या ओलीवर त्यांनी जन्म काढला.

या सगळ्या गुंडाळ्यांत आबा स्वतः कुठं आहेत, ते आम्ही पुष्कळ शोधलं. धाकट्याचा ताप आहे, आजीचा दुखरा गुडघा आहे, ढवळ्याची लाळ-खुरकत आहे. आबांना मात्र कधी शिंकसुद्धा आलेली दिसत नाही. शेवटी एका श्रावणात सलग काही चौकोनांत ‘औत बंद’ असं सापडलं. पाऊस नव्हता, सण नव्हता, बैलही धडधाकट होते. आजीनंच उलगडा केला. “त्यास्नी हिवताप भरला हुता. गोधडीत कुडकुडत पडल्यालं.” एवढ्या तापात उठून त्यांनी भिंतीपर्यंत जाऊन नोंद केली होती, आणि तीही बैलांच्या बाजूनं. दुखणं त्यांचं, सुट्टी ढवळ्या-पवळ्याची.

जमिनीची वाटणी झाली तेव्हा फारसं कुणी कुरकुरलं नाही. तलाठ्यानं फेरफार केला, सातबाऱ्यावर नावं चढली, बांध पडले. भांडणं झाली ती कॅलेंडरांवरून, कारण जो तो आपल्या जन्माचं साल मागू लागला. मला माझं मिळालं. मोठ्या हौसेनं ऑक्टोबरचं पान काढलं, तर चौकोनात लिहिलेलं, ‘पेरणी उरकली. नातू झाला.’ क्रम वाचून मी जरा हिरमुसलो. घराण्यात ज्वारीनंतर आपला नंबर, हे या वयातही मनाला लागतं. मग सहज आदल्या चौकोनावर नजर गेली. तिथं कोजागरी छापलेली होती आणि खाली आबांची शाई, ‘रात्रभर पाभर’. बाकीच्या कुठल्याही सालात त्यांनी रात्री पेरल्याची नोंद नाही.

मी पान आजीपुढं धरलं. तिला वाचता येत नाही, पण चौकोन कुठला ते तिनं लगेच ओळखलं. “सकाळी पेरनी उरकली, दुपारी तू झालास. जसं झालं तसं लिवलं त्येंनी,” असं म्हणून तिनं गुंडाळी पुन्हा सुतळीनं घट्ट बांधली आणि मला दटावलं, “आन् पेरनी ऱ्हायली असती, तर तुला बघाया रानातनं कोन आलं असतं?”